सातवी काठी आणि छत्रीवाले साहेब

तीर्थरूप मावशीस,

तुझ्या ढगोबाचा साष्टांग नमस्कार. (पत्र कामाच्या बाकावर वाकून लिहितोय, त्यामुळे आठांपैकी दोन-तीनच अंगं नमस्काराला लागली आहेत. उरलेली प्रत्यक्ष भेटीत.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना तो कुरकुरतो आणि उतरताना गप्प बसतो असं तू कळवलं होतंस. त्यावर मी एक अख्खी दुपार विचार केला, पण हाती काही लागलं नाही. आईकडून असंही कळलं की तू डॉक्टरांची नक्कल डॉक्टरांसमोरच केलीस आणि ती त्यांना इतकी आवडली की त्यांनी नर्सला बोलावून पुन्हा करायला लावली. ह्या वयात तू सुधारणार नाहीस हे गृहीत धरून आम्ही सगळे सुखात आहोत. काकांची कवळी बसली का? बसली नसेल तर घासून घ्या म्हणावं, पण थोडी थोडी, आणि आधी नीट विचार करून. घासण्याच्या बाबतीत मी हल्ली फार हळवा झालोय. का, ते पुढे येईलच.

तुझे सगळे निरोप मिळाले. शेवटच्यात फक्त 'जिवंत आहेस का' एवढंच होतं. आहे. मुलीचं पाकीट मिळालं का, फोटो बघितलास का, हो की नाही ते एकदाचं सांग, मला त्या माणसांना तोंड दाखवायचंय, असं तू आधीच्या निरोपांत विचारलं होतंस. पाकीट मिळालं. ते ह्या क्षणी कुठे आहे हेही मला पक्कं ठाऊक आहे. उरलेल्या प्रश्नांची उत्तरं जरा सविस्तर द्यावी लागतील, तेव्हा चहा घेऊन बस.

आधी माझ्या कामाविषयी, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. तू लोकांना सांगतेस की भाचा क्रीडासाहित्याचा तांत्रिक तज्ज्ञ आहे. तुझ्या तोंडून ऐकताना मलाही त्या माणसाबद्दल आदर वाटतो. प्रत्यक्षात मी गोल्फच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसतो. (मालक तिला प्रयोगशाळा म्हणतात. झाडू आणि बादली तिथेच असते.) लोक आपल्या काठ्या आणून देतात. प्रत्येक काठीबद्दल कारखान्याने सांगून ठेवलेलं असतं: लांबी इतकी, वजन इतकं, दांडा आणि खालचं लोखंडी पातं यांच्यातला कोन इतका. आता कारखाना सांगतो तशी काठी असतेच असं नाही, आणि असली तरी वर्षानुवर्षं जमिनीवर आपटून ती तशी राहत नाही. तेव्हा सांगितल्यासारखी आहे का ते मी बघायचं, आणि नसेल तर पातं यंत्रात आवळून, लांब लोखंडी दांडीने वाकवून, तिला सांगितल्यासारखी करायची. ह्यात तज्ज्ञपणा फारसा नाही. आवळायचं कुठे आणि सोडायचं कधी एवढं कळलं की झालं.

पण मावशी, ह्या कामात एक जागा अशी आहे की ती माझ्यासाठीच ठेवलेली असावी. पातं आवळल्यावर पाणसळीतला बुडबुडा मध्यावर येऊन शांत होईपर्यंत थांबावं लागतं. नुसतं थांबायचं. खिडकीतून मागचं सरावाचं मैदान दिसतं. माणसं ओळीने उभी राहून चेंडू मारत असतात. चेंडू वर जातो, अगदी वर गेल्यावर आपल्याला कुठे जायचं होतं ते क्षणभर त्याला आठवत नाही, आणि मग तो हळूच गवतात उतरतो. दुपार कलली की हिरव्यावर पांढरे ठिपके साचत जातात, आवाज एक एक करून कमी होतात, आणि काचेवरची धूळसुद्धा सोनेरी दिसायला लागते. शाळेत मास्तर मला खिडकीपासून लांब बसवायचे. इथे खिडकीत बसवून वर पगार देतात. बुडबुडा कधीच स्थिरावलेला असतो आणि मी आपला बघतच असतो, मग मालक खाकरतात आणि मी कोन वाचतो.

तर ह्या यंत्राच्या टेबलाचा एक पाय आखूड आहे. बुडबुडा सारखा एका बाजूला जाऊन बसायचा. पुठ्ठा सारून बघितला, तो जास्त झाला. वर्तमानपत्राची घडी लावली, ती दबून गेली. त्याच दिवशी तुझं पाकीट आलं. काम संपलं की निवांत उघडू म्हणून वरच्या खिशात ठेवलं, वाकताना ते पडलं, आणि सहज म्हणून पायाखाली सरकवलं. मावशी, बुडबुडा असा मधोमध येऊन उभा राहिला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आता मला सांग, ते उघडलं असतं, फोटो बाहेर काढला असता, तर जाडी बदलली नसती का? म्हणून ठरवलं की दुसरं काही तितक्याच जाडीचं मिळेपर्यंत ते तिथेच राहू दे. मी शोधतही होतो. (अधूनमधून.)

अशा दिवसांत एक मुलगी आली. बुटकी, चष्मा लावलेली, खांद्यावर जुनी पिशवी, पिशवीत सात काठ्या. म्हणाली, ह्या बरोबर आहेत का ते बघायचंय. मी म्हटलं, बघू. गिऱ्हाइकं सामान ठेवून निघून जातात, ही मात्र स्टूल ओढून बसली आणि माझ्याकडेच बघत राहिली. मग चौकशा सुरू झाल्या. हे काम आवडतं का, राग आला की काय करता, आईशी बोलणं होतं का, बुडबुड्याशी नेहमीच बोलता का. (मी बोलतो, हे मला तेव्हा कळलं.) मला वाटलं, काही गिऱ्हाइकं फार बारकाईने चौकशी करतात. मग तिने टेबलाखाली बोट दाखवून विचारलं, ते पाकीट तिथे कशाला? हा तर माझ्या आवडीचा विषय. मी तिला खाली वाकायला लावून सगळं दाखवलं, पुठ्ठ्याचा इतिहास सांगितला, वर्तमानपत्राचा सांगितला. तिने विचारलं, आत काय आहे? मी म्हटलं, विशेष काही नाही हो, मावशीने पाठवलंय. ती बराच वेळ खाली वाकलेलीच राहिली. मला वाटलं, ती बुडबुडा बघतेय.

ती गेल्यावर मी कामाला लागलो. काठ्या बघितल्या आणि हरखून गेलो. सहाच्या सहा एकाच बाजूला वाकलेल्या, आणि सातवी भलतीच उलट बाजूला! इतक्या चुका एका पिशवीत माझ्या आयुष्यात कधी आल्या नव्हत्या. कोन मी खडूने बाकावर लिहितो. सहांचे लिहिले. सातवीचा बघून इतका चक्रावलो की तिच्यापुढे आकडा न लिहिता नुसतं 'फारच' असं लिहिलं. मग बाह्या सरसावल्या. एकेक आवळली, वाकवली, मोजली, पुन्हा वाकवली, आणि सातही जणींना कारखान्याच्या आकड्यावर आणून ठेवलं. मी गुणगुणत होतो. एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं, पण मला त्या चष्म्यातले डोळे सारखे आठवत होते, म्हणून न सांगता काठ्यांचे तळही घासून लखलखीत केले. शेवटी बाक पुसला. आकड्यांसकट.

ती आली. मी काठ्या ओळीने मांडून ठेवल्या होत्या. तिने एक उचलली, मागच्या मैदानावर गेली आणि चेंडू मारला. तो डावीकडे जाऊन जाळीत अडकला. दुसरी काठी घेतली. पुन्हा डावीकडे. तिसऱ्यांदा तिने चेंडूकडे बघितलंच नाही, काठी उलटी करून तळ बघितला आणि त्यावर बोट फिरवलं. तुम्ही काय केलंत, असं तिने इतक्या हळू विचारलं की मला ते कौतुकच वाटलं. मी म्हटलं, कारखान्याप्रमाणे केल्या, सगळ्या. ती म्हणाली, "बरोबर आहेत का बघायला सांगितलं होतं. बरोबर करायला कुणी सांगितलं होतं?"

मावशी, त्या काठ्या तिच्या बाबांनी वाकवल्या होत्या. कारखाना काठ्या बनवतो ते एका मधल्या उंचीच्या माणसासाठी, आणि तो माणूस अजून कुणी बघितलेला नाही. ही बुटकी. म्हणून ते संध्याकाळी घरी आले की जिन्याच्या लोखंडी कठड्यात पातं अडकवून थोडंसं वाकवायचे, हिला उभी करायचे, डोळे बारीक करून बघायचे, पुन्हा थोडंसं. सहा काठ्या अशा तिच्या झाल्या. सातवी त्यांची स्वतःची. ते गेल्यावर तिने ती आपल्या पिशवीत ठेवली. त्या काठीने ती कधी मारत नाही, काठी नुसती सोबत असते. हे सगळं ती रडत सांगत नव्हती, आणि त्यामुळेच मला जमीन दुभंगावी असं वाटत होतं. मी विचारलं (माझ्या तोंडाला आवर नसतो हे तुला माहीतच आहे), मग दाखवायला आणल्यातच कशाला? ती म्हणाली, "तुम्हाला बघायला आले होते. काठ्या निमित्त होत्या. त्या पाकिटात मी आहे."

बुडबुडा मधोमध होता, हे मला आठवतं. बाकी काही आठवत नाही.

मग कळलं की बाबा तुझ्याच ऑफिसात होते. मावशी, छत्रीवाले साहेब! तू मला आधी का सांगितलं नाहीस? आमच्या घरी जेवणं झाली की तू उठून त्यांची नक्कल करायचीस: लिफ्टची वाट बघत उभे, लिफ्ट आली तरी लक्ष नाही, हातात मिटलेली छत्री, एवढे उंच पण काहीतरी सांडलंय ते शोधावं तसे वाकलेले, गुडघे जरासे दुमडलेले, उजवा खांदा खाली, जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर, आणि मग ती छत्री अशी झोकात फिरायची की आईची फुलदाणी एकदा त्यातच गेली. आम्ही लोळून हसायचो. मला गोल्फ म्हणजे काय हे पहिल्यांदा तुझ्या छत्रीमुळे कळलं, आणि आज मी ज्या खोलीत बसतो तिथवर मी बहुधा त्या छत्रीच्या मागेच चालत आलो. ते गेल्यापासून तू ती नक्कल एकदाही केलेली नाहीस, हे माझ्या इतक्या उशिरा लक्षात आलं.

मी तिला म्हटलं, सहा काठ्या तरी मी परत आणतो. त्याची एक रीत आहे. जमिनीवर फळी ठेवायची, काठीच्या तळाला चिकटपट्टी लावायची आणि माणसाला फळीवरून चेंडू मारायला लावायचा. पट्टीवर ओरखडा मधोमध उमटला तर काठी त्या माणसाला लागू. कडेला उमटला तर अजून वाकवायची. कारखान्याचा आकडा इथे उपयोगाचा नाही, माणूसच पाहिजे. तेव्हा ती दुपारी सुट्टीत यायला लागली. (ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासून नंबर काढते. तू डोळ्यांची डॉक्टर सांगितलं होतंस. मी तांत्रिक तज्ज्ञ, ती डॉक्टर: तुझ्या हातून दोघंही आपल्या आकड्यापेक्षा बरेच वर वाकलो आहोत.) मी थोडं वाकवायचो, ती मारायची, मी पट्टी बघायचो, आणि ती सवयीने विचारायची, "आता बरं, की मघाचं बरं?" मला काही सांगता यायचं नाही. मला दर वेळी आताचंच बरं वाटायचं.

त्या दुपारी कशा गेल्या ते मला नीट सांगता येणार नाही. मैदानावर उन्हाचा लांबच लांब पट्टा, त्यात ती, फळीवर लोखंड टेकल्याचा तो लहानसा आवाज, आणि वर जाऊन वाट विसरलेला चेंडू. मध्ये मध्ये आम्ही बाकावर चहा प्यायचो. ती सांगायची की लोक अक्षरं वाचता आली नाहीत की लाजतात आणि अंदाजाने ठोकून देतात, आणि तिला डोळ्यांपेक्षा त्या लाजण्यावरूनच जास्त कळतं. मी तिला बुडबुड्याविषयी सांगायचो. ती ऐकायची, मावशी. शेवटपर्यंत. मालक दोनदा खाकरून कंटाळले आणि पुढच्या खोलीत जाऊन बसले. मला ती आवडते हे मला चौथ्या काठीच्या सुमारास कळलं आणि मी पाचवी मुद्दाम हळू वाकवली.

सहावी झाली. तिने चेंडू मारला, तो सरळ, अगदी सरळ गेला, आणि ती मोठ्याने हसली. मग ती मागच्या पायरीवर बसली आणि सातवी काठी मांडीवर आडवी घेतली. तिथे माझी सगळी विद्या संपली. ती काठी तिच्या मापाची नाही, त्यांच्या मापाची. तळावर वर्षांच्या घासण्याची खूण असणार होती, ते कुठल्या कोनात उभे राहायचे ते तिथे सरळ लिहिलेलं होतं, आणि ते मी लखलखीत करून ठेवलंय. उंचीवरून हिशोब करावा तर ते वाकायचे. किती वाकायचे, कुणाला ठाऊक? ती म्हणाली, मला डोळ्यांसमोर दिसतात, पण करून दाखवता येत नाही. पुसून टाकलेल्या आकड्यांतलं 'फारच' एवढंच मला आठवतंय, आणि 'फारच' म्हणजे किती अंश, हे कुठलंही यंत्र सांगत नाही.

तेव्हा मावशी, अशा परिस्थितीत हो म्हणायला मला तोंड उरलेलं नाही. ज्या घरातल्या माणसाची शेवटची खूण मी पॉलिश करून पुसली, त्या घरात मी जावई म्हणून कुठल्या तोंडाने जाऊ? त्या माणसांना तू स्वच्छ कळव की मुलगा वर्णनाप्रमाणे नाही. उंची तू दोन बोटं वाढवून सांगितली आहेस. 'एकाग्र' म्हणून सांगितलंस ते खरं आहे, पण कशावर ते सांगितलं नाहीस. दुसरा एखादा शोधा म्हणावं, खिडकीबाहेर न बघणारा. माझ्याबद्दल वाईट वाटून घेऊ नकोस. मी इथे ठीक आहे, काम आहे, खिडकी आहे. काकांना नमस्कार, गुडघ्याला जप.

तुझाच,
ढगोबा

ता. क. वरचा नकार एवढ्यात कळवू नकोस. पत्र बंद करत होतो तेवढ्यात ती आली आणि तिने वाचायला मागितलं. मी दिलं. वाचून म्हणाली की नकार द्यायचा झाला तर ती स्वतः देईल, तिला तोंड आहे, आणि आधी हातातलं काम पुरं करा. पाकीट टेबलाखालून काढू का, असं मी विचारलं. राहू दे म्हणाली. बुडबुडा मधोमध आहे ना.

दुसरा ता. क. खरं म्हणजे पत्र ह्यासाठीच लिहिलं, पण लिहिता लिहिता धीर होईना. मावशी, तू इकडे ये. आमच्या फळीवर त्यांच्यासारखी उभी राहा. तू बुटकी पडशील, त्याची काळजी नको, मी खाली पाट ठेवीन, ते केवढे उंच होते ते ती सांगेल. वाकणं तेवढं तू दाखव. मी सातवी काठी तुझ्या हातात देईन आणि बुडबुडा स्थिरावेपर्यंत थांबेन. तू ती नक्कल पुन्हा का केली नाहीस हे मला कळतं. पण साहेबांना ती नक्कल ठाऊक होती. ती सांगते, एकदा तू ऑफिसात करत असताना त्यांनी कपाटाआडून पूर्ण बघितली आणि घरी येऊन खूश होऊन सांगितलं की बाई हुबेहूब करते, फक्त उजवा खांदा जरा जास्तच पाडते. तेवढा वर घे. मी तिला म्हटलं की इतकं करूनही कोन चुकू शकेल. ती म्हणाली, चुकू दे, मला आकडा नकोय. त्यांना तसं उभं असलेलं फक्त एकदा बघायचंय.

तिसरा ता. क. येताना छत्री आण. इथे पाऊस नाही.